स्वयंपाकघरातला छापखाना

‘छापील’ या शब्दावर मराठी माणसाचा फार राग आहे. वक्त्याचे भाषण रंगले नाही की ते छापील होते असे आपण म्हणतो. मुलाने पाठ केलेले उत्तर लिहिले की ते छापील उत्तर. लग्नाच्या मांडवात दाराशी उभ्या असलेल्या वधूपक्षाच्या तोंडावर असते ते छापील हसू. आणि दिवाळीच्या पहाटे फोनवर एकाच मजकुराची चाळीस शुभेच्छापत्रे येऊन पडतात, त्यांना तर दुसरे विशेषणच नाही. पण यातले ‘ईल’ काढून नुसते ‘छाप’ म्हणा, की चित्र पालटते. मग एखाद्याची सभेवर छाप पडते. कर्तबगार माणूस काळावर ठसा उमटवून जातो. माणसाच्या चेहऱ्याला आपण मुद्रा म्हणतो आणि राजाच्या शिक्क्यालाही मुद्राच म्हणतो. ठसा मोठा, आणि ठशातून निघालेली वस्तू मात्र हलकी, असा हा आमचा न्याय!

शब्दांची अशी उलटतपासणी या सदरात वर्षभर चालतेच. दिवाळी अंकात संपादकांनी जागा जरा ऐसपैस दिली आहे, तेव्हा आज या शब्दाने ज्यांचे नुकसान केले त्या बायकांविषयी बोलू. बायका चित्रकार, आणि त्यांतही छापचित्रे काढणाऱ्या. प्रिंटमेकिंग म्हणतात ते. कुणी मुद्राचित्रण म्हणते. मला आपले छापचित्र बरे वाटते.

वारज्याला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. कलामहाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली. तिने एकदा आपली चित्रे बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून मांडली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना चहाला बोलावले. चित्र होते पुलाखालच्या नदीचे. वारज्याच्या बाजूने मुठा पाहिलेल्या माणसाला ती ओळखू येणारच. काळ्या पाण्यावर गुंतलेले गवत, आणि वरून हमरस्त्याच्या गाड्या धावताहेत हे नुसत्या चारदोन तिरक्या रेषांनी दाखवलेले. सगळे “छान, छान” म्हणाले. मग एका गृहस्थांनी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला ‘३/१०’ हा आकडा पाहिला आणि सरळ मनाने विचारले, “म्हणजे याच्या आणखी नऊ झेरॉक्स आहेत का? मग मूळ चित्र कुठे आहे?”

मुलगी हसली. आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जस्ताचा पत्रा घेऊन आली आणि म्हणाली, “काका, मूळ असे काही नसतेच. हा पत्रा आहे, पण तो चित्र नव्हे. आणि ही दहाही मूळच आहेत.” काकांची समजूत पटली नाही. खरे सांगायचे तर त्या खोलीत बसलेल्या निम्म्या मंडळींची पटली नाही. म्हणून आधी हे काम होते कसे ते सांगते. त्यावाचून पुढले काही कळायचे नाही.

जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा. त्यावर मेण आणि डांबरासारख्या एका द्रव्याचा पातळ थर द्यायचा. तो वाळला की टोकदार सुईने त्यावर चित्र कोरायचे. सुईने पत्रा कापायचा नसतो, वरचा थर तेवढा खरवडायचा असतो. मग तो पत्रा पाणी घातलेल्या नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. जेथे थर गेला तेथे अ‍ॅसिड धातू खाते आणि रेषेची खाच होते. रेषेवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच बाजूला करावे लागतात. थोडा वेळ ठेवले तर रेषा फिकी, जास्त वेळ ठेवले तर काळीभोर. म्हणजे चित्रातला काळोख घड्याळाने मोजायचा! पत्रा बाहेर काढून धुवायचा, थर पुसायचा, सगळीकडे शाई चोळायची आणि विरळ कापडाने, शेवटी तर नुसत्या तळहाताने, ती पुन्हा पुसायची. वरची शाई जाते, खाचांतली राहते. त्यावर ओलसर जाड कागद, कागदावर लोकरीचे नमदे, आणि मग हे सगळे दोन लोखंडी रुळांमधून चाक फिरवून न्यायचे. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. याला एचिंग म्हणतात. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणे, पुन्हा चाक. तळहात जरा जोराने फिरला की ढग उजळतो, हलका फिरला की पाऊस भरून येतो. दहा प्रती म्हणजे दहा वेळा केलेला स्वयंपाक. कृती एकच असते, पण काल आणि आजची आमटी एक असते काय?

आणखी एक गंमत आहे. पत्र्यावरचे सारे कागदावर उलटे येते. डावा हात उजवा होतो, नदी विरुद्ध दिशेने वाहू लागते. चित्रात अक्षरे हवी असतील तर ती आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागतात. उलटा ‘क’ सुबक लिहून दाखवा म्हणावे आमच्या बी. ए. च्या वर्गाला!

पुण्याला ही विद्या अगदीच परकी नव्हती. नाना फडणीसांच्या मनात भगवद्गीता छापायची होती आणि त्यासाठी पुण्याच्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरण्याचे शिक्षण मिळाले होते. १८०० साली नाना वारले आणि ते काम पुढे मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने झाले. तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली ती १८०५ साली. पुढे शिळाप्रेस आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या चित्रशाळेने १८७८ पासून पुण्यात रंगीत चित्रे छापली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वती आपल्या पणज्यांच्या देवघरापर्यंत पोहोचली. या सगळ्या इतिहासात बाई आहे, पण ती चित्रात आहे. लक्ष्मी म्हणून, शकुंतला म्हणून, दमयंती म्हणून. कोरणारे, छापणारे आणि विकणारे म्हणून जी नावे आपल्यापर्यंत आली, ती पुरुषांची आहेत.

आणि तरी, छाप उमटवणे हे आमच्या घरात कोणी करायचे? बाईनेच ना! भाद्रपदात गौरी येतात त्या दिवशी मूठ वळून ती कुंकवाच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवायची, जमिनीवर टेकवायची, आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके द्यायचे. झाले गौरीचे पाऊल! उंबरठ्यापासून देवघरापर्यंत, तेथून कोठीच्या खोलीपर्यंत पावले. मुठीचे पाऊल करण्याची ही युक्ती ज्या कोणा आजीला सुचली तिला मी छापचित्रकार म्हणायला तयार आहे. पण ती पावले दुसऱ्या दिवशी पुसली जातात. कागदावर उमटून, सही करून, दुसऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसायला बाईला फार वेळ लागला.

त्याचे एक कारण अगदी साधे आहे. पाण्याच्या रंगांत चित्र काढायचे तर मांडीवर पाट घेऊन कोठेही बसता येते. कोणी आले की पेला आणि कुंचला बाजूला सारला की झाले. छापचित्राला प्रेस लागते. ती लोखंडी आणि अवजड, एकदा बसली की हलायची नाही. अ‍ॅसिडची परात लागते, तिच्यापासून पोरेबाळे दूर ठेवावी लागतात. खिडकी उघडी लागते. कागद वाळत घालायला दोऱ्या लागतात. आणि सलग पाचसहा तास लागतात, कारण अर्धवट शाई लावलेला पत्रा टाकून दूध उतू जातेय का ते पाहायला उठता येत नाही. मध्यमवर्गी घरात बाईच्या वाट्याला या पाच गोष्टींपैकी कोणती येते ते वाचक भगिनींनीच सांगावे.

परदेशातही फार निराळे नव्हते. अमेरिकेतून पॅरिसला येऊन राहिलेल्या मेरी कॅसॅट यांनी १८९० साली तेथे भरलेले जपानी ठशांचे मोठे प्रदर्शन पाहिले आणि पुढच्याच वर्षी दहा रंगीत छापचित्रांचा एक संच काढला. विषय कोणते? आई बाळाला न्हाऊ घालते आहे. एक बाई पत्राचे पाकीट ओठांशी धरून चिकटवते आहे. इतकेच. घरात रोज घडणारे, आणि म्हणून कोणी न पाहिलेले. बर्लिनच्या केटे कोलवित्स यांची जात वेगळी. नवरा डॉक्टर, कामगारांच्या वस्तीत दवाखाना, आणि दारात येणाऱ्या बायकांची दैना डोळ्यांसमोर. विणकरांच्या बंडावर त्यांनी काढलेल्या छापचित्रांच्या मालिकेला १८९८ साली सुवर्णपदक द्यावे असे परीक्षकांनी ठरवले आणि कैसराने ते नाकारले. पहिल्या महायुद्धात १९१४ साली त्यांचा धाकटा मुलगा पेटर मारला गेला. त्या दुःखातून पुढे ‘युद्ध’ नावाची सात लाकडी ठशांची मालिका निघाली. त्यांनी छापचित्र हाती धरले त्यामागे एक विचार होता: एका चित्राच्या पुष्कळ प्रती निघतात, त्या स्वस्त पडतात, आणि गरिबाच्या हाती जाऊ शकतात. आपण ज्याला ‘छापील’ म्हणून नाक मुरडतो त्याच गुणासाठी कोलवित्सबाईंनी ही कला निवडली.

आता आपल्याकडे. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या शिष्या राणी चंदा यांनी लिनोवर ठसे कोरले. लिनोला प्रेस लागतेच असे नाही, पाठीवरून चमचा घासूनही छाप उमटतो. बायकांचा या कलेतला प्रवेश या दाराने झाला त्यात नवल नाही. आपल्या इंदूरच्या देवयानी कृष्ण यांनी आरंभीचे धडे इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे घेतले आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. पती कंवल कृष्ण हेही चित्रकार. दोघे सिक्कीम-तिबेटच्या बाजूने खूप हिंडले आणि तेथल्या लामांची नृत्ये व मुखवटे देवयानीबाईंनी रंगवले. पॅरिसला हेटर नावाच्या इंग्रज कलावंताचा ‘अतलिए १७’ हा प्रसिद्ध छापखाना होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत कंवल कृष्ण तेथून रंगीत छपाईची विद्या घेऊन आले आणि दिल्लीत दोघांनी ती चालवली. दोघेही शाळेत चित्रकला शिकवीत. देवयानीबाईंच्या छापांत धातूवरचा उठाव कागदावर इतका चढतो की चित्र डोळ्यांनी पाहावे की बोटांनी, असा प्रश्न पडावा. ‘अल्ला’ या अक्षरांवरून त्यांनी काढलेली मालिका प्रसिद्ध आहे. २००० साली त्या वारल्या. महाराष्ट्रातल्या किती घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे? ‘इंदूरची आपली मुलगी’ म्हणून आपण किती जणींचे कौतुक करतो, त्यात हे नाव मी तरी कधी ऐकले नाही.

ललिता लाजमींचे नाव मात्र पुष्कळांनी ऐकलेले असते. विचारले तर सांगतात, “गुरुदत्तची बहीण ना?” दुसरे कोणी म्हणते, “रुदाली काढणाऱ्या कल्पना लाजमीची आई.” होय, दोन्ही खरे. पण ही ओळख म्हणजे पत्र्याची ओळख झाली, चित्राची नव्हे.

त्यांचा जन्म १९३२ सालचा, कलकत्त्याचा. घर कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांचे. मामा बी. बी. बेनेगल हे व्यावसायिक चित्रकार. त्यांनी भाचीला लहानपणी रंगांची पेटी दिली. पण पेटी मिळणे निराळे आणि कलाशाळेत पाच वर्षे शिकायला मिळणे निराळे. लग्न झाले, मुले झाली. मुंबईच्या जहांगीर कलादालनात १९६१ च्या सुमारास चित्रे लागली; चित्र विकून घर चालेल असे ते दिवस नव्हते. लाजमीबाईंनी शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी धरली आणि ती वीसहून अधिक वर्षे केली.

आणि मग, वय चाळिशीपलीकडे गेल्यावर, १९७३ साली त्या जे. जे. मध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. एचिंग शिकायला. १९७६ पर्यंत त्या जात राहिल्या. आपण चाळिशीत काय करतो? चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सांगत बसतो. दिवसभर शाळेतल्या मुलांच्या वह्या पाहून आलेली बाई संध्याकाळी आपल्या विद्यार्थ्यांहून थोड्याच मोठ्या पोरांच्या शेजारी उभी राहून पत्रा घासायला शिकते, हे मला त्यांच्या पुढल्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मोठे वाटते. वर्ग संपल्यावर काय? प्रेसवाचून विद्या लुळी. तेव्हा त्यांनी घरीच प्रेस बसवली. दिवसा शाळा, संध्याकाळी घर, आणि सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात छपाई, असे त्यांचे वर्षानुवर्षे चालले.

स्वयंपाकघरच का, हे मला कोणी विचारले नाही तरी सांगते. तेथे ओटा असतो, नळ असतो, खिडकी असते, आणि रात्री दहानंतर तेथे कोणी येत नाही. बाईच्या मालकीची अशी दुसरी खोली घरात असते कोठे?

त्या रात्रींतून आलेली छापचित्रे काळी, राखाडी, क्वचित मातकट. त्यांत मुखवटे फार. विदूषक, कळसूत्री बाहुल्यांसारखी माणसे, एकमेकांकडे पाठ केलेले नवराबायको, आई आणि मुलगी. माणसे एका चौकटीत दाटीने बसलेली असतात, आणि तरी कोणी कोणाशी बोलत नाही. मी काही कलेची टीकाकार नव्हे. पण संसारात जे बोलायचे राहून जाते ते अ‍ॅसिडने खाल्लेल्या रेषेत किती नेमके उतरते, हे कळायला टीकाकार असावे लागत नाही. यातली माणसे सुखी आहेत असे म्हणवत नाही. दुःखी आहेत असेही नाही. ती जागी आहेत, एवढे खरे.

ज्यांनी ‘तारे जमीन पर’ हा २००७ सालचा चित्रपट पाहिला आहे त्यांना शेवटच्या चित्रस्पर्धेतल्या परीक्षक बाई आठवतील. त्या ललिता लाजमीच. २०२३ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते चालू असतानाच १३ फेब्रुवारीला, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या. वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत गुरुदत्त होतेच.

त्यांच्यामागून आलेल्यांची वाट थोडी रुंद झाली. दिल्लीच्या अनुपम सूद १९७१ साली लंडनच्या स्लेड कलाशाळेत जाऊन आल्या आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात त्यांनी पंचवीसएक वर्षे ही विद्या शिकवली. त्यांच्या जस्ताच्या पत्र्यांवरची उघडी, मोठाली माणसे पाहताना प्रथम जरा दचकायला होते. बडोद्यात रिनी धुमाळ यांनी देवी आणि बाई यांतला फरक पुसून टाकणारी चित्रे छापली. त्याही पॅरिसच्या त्या छापखान्यात शिकून आलेल्या, २०२१ साली वारल्या. त्याच बडोद्यात १९९९ साली कविता शहा यांनी इतर कलावंतांच्या साथीने एक सामायिक कार्यशाळा उभी केली. घरी प्रेस ठेवायला जागा नाही त्याने तेथे यावे, काम करावे. तिचे नाव काय असेल? ‘छाप’! वाचून मला फार आनंद झाला. ‘ईल’ लावायची कोणाची हिंमत आहे पाहू.

एकीविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. झरीना हाश्मी, अलीगढच्या. जन्म १९३७, शिक्षण गणिताचे. नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, टोकिओ अशी बिऱ्हाडे फिरली, आणि प्रत्येक गावी बाईंनी तेथल्या ठशाचे काम शिकून घेतले. शेवटी न्यूयॉर्कला एकट्या राहिल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे माहेर पाकिस्तानात गेले. अलीगढचे घर उरले ते आठवणीत. १९९९ साली त्यांनी छत्तीस लाकडी ठशांचा एक संच काढला. प्रत्येक छापाबरोबर एक उर्दू शब्द. पहिला शब्द ‘घर’, आणि चित्र म्हणजे त्या घराचा नुसता नकाशा. चौखट म्हणजे आपला उंबरठा, तोही त्यात आहे. माणूस एकही नाही, देखावा नाही. काळ्या आडव्याउभ्या रेषा, बस्स. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे काम पाहून अस्वस्थ व्हायला होते. मुलेबाळे ज्या भाषेत बोलत नाहीत त्या भाषेचे शब्द कोणी कोठे ठेवावेत? त्या बाईने ते लाकडाच्या ठशांशेजारी, कागदावर ठेवले. २०२० साली त्या लंडनला वारल्या.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीने आता बाल्कनीत छोटी प्रेस बसवली आहे. कपडे वाळत घालायच्या दांडीवर कधी कधी कागद दिसतात. अ‍ॅसिडविषयी सोसायटीच्या सभेत प्रश्न निघाला होता. तिने परातीऐवजी झाकणाचा डबा घेतला आणि दुपारी, वारा असताना, काम करण्याचे कबूल केले. तिच्या आईने मला जिन्यात गाठून विचारले, “काकू, यातून पोट भरते का हो?” मी म्हटले, पोट शिकवण्यातून भरेल, ते लाजमीबाईंचेही तसेच भरले. आईचे समाधान झाले नाही. होण्यासारखे ते उत्तरही नव्हते.

नव्या घराला चित्र घेण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. नव्या कलावंताचे छापचित्र तैलचित्राच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत मिळते. खाली डावीकडे पेन्सिलीने अपूर्णांक असतो: वरचा आकडा प्रतीचा क्रमांक, खालचा एकूण प्रतींचा. उजवीकडे सही. शाईची सही नव्हे, पेन्सिलीचीच, कारण ती प्रत्येक प्रतीवर हाताने केलेली असते. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर फुली मारून तो रद्द करण्याची रीत आहे. समोर उन्हाची खिडकी असेल तर तेथे लावू नका, कागद पिवळा पडतो. आणि चौकटीत घालण्यापूर्वी, हात स्वच्छ धुऊन, कागदाच्या मागच्या बाजूने बोटाचे टोक हलकेच फिरवून पाहा. जेथे पत्र्याची कड दाबली गेली तेथे एक बारीक उंचवटा बोटाला लागतो. झेरॉक्सला तो नसतो.